सेरोटोनिन मोजलं का नाही?

प्रश्न : माझ्या भावाला डिप्रेशनच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. मेंदूतलं सेरोटोनिन कमी झालंय, असं जो तो सांगतो. मग डॉक्टरांनी रक्त तपासून ते मोजलं का नाही? (एक वाचक, सांगली)

उत्तर : शंका रास्त आहे. पण शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन, नव्वद टक्क्यांच्या आसपास, तयार होतं आतड्यात आणि ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. त्यामुळे रक्तातला आकडा मेंदूबद्दल काही सांगत नाही. डॉक्टर थायरॉइड मात्र अनेकदा तपासून घेतात, कारण ते बिघडल्यानेही माणूस मरगळतो.

मग ‘कमी झालंय’ हे ठरवलं कोणी? गंमत म्हणजे, औषधांवरून उलटा माग काढत शास्त्रज्ञ तिथे पोचले. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग दाखवून दिला आणि आपली ही वनस्पती जगभर गाजली. तिच्यातलं रेसरपिन घेणारे काही रुग्ण उदास झालेले दिसले. हे द्रव्य मेंदूतल्या सेरोटोनिनसारख्या रसायनांचा साठा रिता करतं. उलट १९५२च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये क्षयावर दिलेल्या इप्रोनियाझिडने रुग्ण चक्क उल्हसित झाले. ते ह्याच रसायनांचं विघटन रोखतं. दोन्ही टोकं जुळवून निष्कर्ष निघाला : रसायन कमी, म्हणून उदासी.

तर्क सुबक होता, म्हणूनच तोंडोतोंडी झाला. पण आजच्या गोळ्या पेशींमधल्या फटीतलं सेरोटोनिन काही तासांतच वाढवतात आणि रुग्णाला बरं वाटायला दोन ते सहा आठवडे लागतात. नुसती कमतरता भरून काढायची असती, तर एवढा उशीर का व्हावा? या काळात पेशींमधल्या जोडण्या हळूहळू बदलत असाव्यात, असं आता मानतात. तोवरच्या संशोधनाचा २०२२ साली मोठा आढावा घेतला गेला, त्यातही कमतरतेचा ठोस पुरावा सापडला नाही.

म्हणून गोळ्या खोट्या ठरत नाहीत. पॅरासिटामॉलने डोकं उतरलं, तर अंगात पॅरासिटामॉल कमी होतं असं कोणी म्हणत नाही! २०१८ साली २१ औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा प्रत्येक औषध औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरलं. फरक सरासरीने माफकच. कुणाला भरपूर गुण येतो, कुणाला औषध बदलावं लागतं. सोबत समुपदेशन असेल तर अधिक चांगलं.

तेव्हा हे वाचून भावाच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. एकदम थांबवल्या तर चक्कर, मळमळ, झोपमोड होऊ शकते. डोस डॉक्टरच टप्प्याटप्प्याने उतरवतात. सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी वाढली किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना गाठा.