वैशाखातला रीफ टँक: कोरल मिटलं तर

एप्रिल-मे लागला की रीफ टँकवाल्यांची तक्रार ठरलेली असते. कालपर्यंत टपोरं फुललेलं कोरल आज मिटून बसलंय, कुठलं औषध घालू? औषध कुठलंच नको. आधी थर्मामीटर बघा, मग मीठ मोजा. पॉलिप मिटणं हा रोग नसून दहा कारणांचं एकच लक्षण आहे, आणि या मोसमात त्या दहांतली दोन कारणं सगळ्यांत आधी तपासायची: तापलेलं पाणी आणि उडून गेलेलं पाणी.

मऊ कोरलला २४ ते २६ अंश सेल्सिअस मानवतं. २८ च्या वर काटा गेला की सावध व्हा. कोरलच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं त्याला अन्न पुरवतात. पाणी फार दिवस तापलेलं राहिलं की कोरल त्यांना बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपच्या खुल्या समुद्रातही हेच घडलं. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर कोरलचा विचार नंतर, आधी हवेचा पंप चालू करा. जिथे भारनियमन आहे तिथे बॅटरीवरचा पंप घरात असायलाच हवा.

पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका पंखा लावला तर तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. पुणे, नाशिक, नागपूरच्या कोरड्या हवेत हा उपाय झकास. मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्याची मात्रा फारशी चालत नाही. तिथे चिलर घ्यावा लागतो. चिलर मात्र स्टँडच्या बंद कप्प्यात कोंडू नका, तो स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो. दिव्यांची वेळ हळूहळू सरकवून संध्याकाळी चार ते रात्री बारा अशी करा, म्हणजे दुपारच्या तापात दिव्यांची भर पडणार नाही. बर्फाची बंद बाटली अडीअडचणीला ठीक. रोज दुपारी बर्फ टाकून तापमान खालीवर करण्यापेक्षा सलग २७ अंश परवडले.

आता मीठ. पंखा लावला की पाणी उडतं, मीठ जागच्या जागी राहतं. १०० लिटरच्या टँकमधून ५ लिटर पाणी उडालं तर ३५ ची क्षारता जवळजवळ ३७ वर जाते, आणि वरून बघणाऱ्याला फक्त पातळी दोन बोटं उतरलेली दिसते. ही तूट नेहमी साध्या आरओ पाण्याने भरायची, मीठ घातलेल्या पाण्याने नाही. भरायची तीही रोज थोडी थोडी. आठवडाभराची तूट एकदम ओतली तर कोरल आणखी घट्ट मिटेल. क्षारता आधीच चढली असेल तर दिवसाला एकाहून जास्त अंकाने खाली आणू नका. काट्याच्या प्लॅस्टिक हायड्रोमीटरवर माझा भरवसा नाही. काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी तो खोटं सांगतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ च्या प्रमाण द्रावणाने जुळवून घ्या.

तापमान आणि मीठ दोन्ही जागेवर असतील, आणि मिटलेलं कोरल छत्रीच्या आकाराचं लेदर कोरल असेल, तर बहुतेक वेळा घाबरायचं कारण नसतं. ते साप कात टाकतो तसं वरचं आवरण टाकतं. आधी छत्री गुळगुळीत होते, मग मेणचट चमक येते, कडेने पातळ पापुद्रा सुटायला लागतो. चार दिवस लागतात, कधी दोन आठवडेही. वेव्हमेकरचा झोत जरा त्याच्या बाजूने वळवा, पण थेट तोंडावर मारू नका. पापुद्रा बोटांनी सोलायचा मोह आवरा.

उन्हाळ्यात आणखी एक घात घरातूनच होतो. डासांसाठी फवारलेला स्प्रे, कॉइल, लिक्विडची मशीन, पेस्ट कंट्रोल. यांतल्या बऱ्याच औषधांत पायरेथ्रॉइड असतं, आणि ते माशांना नि कोळंबीसारख्या जिवांना विषारी. टँकचा हवेचा पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतो हे लक्षात ठेवा. त्या खोलीत फवारणी नको. झालीच असेल तर स्किमर चालू ठेवा, ताजा सक्रिय कोळसा टाका आणि २० टक्के पाणी बदला.

पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्य येत असेल तर अभिमान बाळगू नका. मऊ कोरल उपाशी राहूनही मिटतं. नायट्रेट ५ ते १५ पीपीएम आणि अल्कलिनिटी ८-९ डीकेएच असली की पुरे. रात्री लाल टॉर्च घेऊन बघा: झोआवर (झोअँथिड कोरलवर) त्याच रंगाच्या गोगलगाई चरत असतात, दिवसा त्या दिसत नाहीत. लेदर कोरलमध्ये लोळणारा क्लाउनफिशही त्याला मिटवून ठेवतो. काहीही सापडलं तरी एका वेळी एकच बदल करा आणि तीन-चार दिवस थांबा.

नवं कोरल आणून जागा भरायची घाई नको. मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला तुकडा तर नकोच. दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत.

थांबायचं नाही ते एकाच वेळी: कोरल मऊ पडून विरघळतंय, तपकिरी चिकट साय धरतेय आणि पाण्याबाहेर काढल्यावर कुजका वास येतोय. अशा वेळी धारदार ब्लेडने सडका भाग निरोगी मांसाच्या थोडा आतून कापून फेका. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हात लावू नका. झोआंच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. झोआ चिकटलेला दगड उकळत्या पाण्यात घालणं तर जिवावर बेतू शकतं. कापलेलं लेदर कोरल शेजाऱ्यांना त्रास देणारी रसायनं पाण्यात सोडतं, म्हणून कापणी झाली की लगेच कोळशाची पिशवी नवी टाका आणि दोन दिवसांनी ती पुन्हा बदला.