कोटलिन भाषा आणि दुकानाचा हिशेब

आपल्या घरांतील मुलेमुली हल्ली मोबाइलचे अ‍ॅप तयार करण्यास शिकत आहेत. त्यासाठी वापरली जाणारी कोटलिन ही भाषा जेटब्रेन्स कंपनीने 2011 मध्ये जाहीर केली. 2017 मध्ये गूगलने तिला अँड्रॉइडसाठी मान्यता दिली. कॅम्पातील आपल्याच दुकानाचे बिल करणारे अ‍ॅप हा या विद्येचा उत्तम पहिला धडा होय. त्यात तीन गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली, रक्कम पैशांत ठेवावी. संगणक द्विमान पद्धतीने मोजतो. एक तृतीयांश जसा दशांशात पुरा लिहिता येत नाही, तसा एक दशांश त्याला पुरा लिहिता येत नाही. म्हणून ‘डबल’ प्रकारात 0.1 व 0.2 यांची बेरीज 0.30000000000000004 येते. यास्तव 1,249 रुपये 50 पैसे हे ‘लाँग’ या पूर्णांक प्रकारात 1,24,950 असे लिहावे. त्यावर 5 टक्के कर 6,247.5 पैसे होतो. त्या अर्ध्या पैशाचा नियम एकाच ठिकाणी ठरवून ठेवावा.

दुसरी, कोरी जागा म्हणजे ‘नेहमीचेच’ नव्हे. जीएसटी 1 जुलै 2017 पासून लागू झाला. निपाणीहून माल बेळगावास पाठविला तर केंद्राचा व कर्नाटकाचा असे दोन कर लागतात. कोल्हापुरास पाठविला तर आयजीएसटी. ग्राहकाचे राज्य लिहिलेच नसता अ‍ॅपने ते कर्नाटक समजले, तर बिल चुकते. कोटलिनमध्ये ‘स्ट्रिंग’पुढे प्रश्नचिन्ह दिले की ती जागा रिकामी असू शकते असे ठरते, मग त्या रिकामेपणाची तजवीज केल्यावाचून भरलेल्या जागेप्रमाणे तिचा उपयोग कंपायलर करू देत नाही.

तिसरी, झालेली नोंद खोडू नये. ‘व्हॅल’ने दिलेले मूल्य पुन्हा बदलता येत नाही. जुने मुनीमही चुकलेली रक्कम न खोडता उलट नोंद करीत. अ‍ॅपमध्येही तेच करावे.

अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत कमी-अधिक मापे ठेवणे हाही एक आहे. अ‍ॅप हे आपले नवे माप होय. वडीलधाऱ्यांनी मागील महिन्याची दहा बिले मुलांच्या हाती द्यावीत, अ‍ॅपची बेरीज वहीशी ताडून पाहावी, आणि पैशाचाही फरक न राहिल्यावरच ते गल्ल्यावर आणावे.