साथ, शासन आणि नोंदवही : काही देशांच्या अनुभवांचा तौलनिक विचार

नागपूर शहराच्या सदर भागात महानगरपालिकेचे मंगळवारी झोन कार्यालय आहे. जन्ममृत्यूच्या दाखल्यांसाठी अशा कार्यालयांत नागरिकांची नित्य ये-जा असते. शासनव्यवहारात या कामाकडे साधे, कारकुनी काम म्हणून पाहिले जाते. परंतु २०२१ च्या उत्तरार्धात कोरोनाने मृत्यू पावलेल्या व्यक्तीच्या वारसांना ५० हजार रुपयांचे सानुग्रह साहाय्य देण्याचे ठरले आणि मृत्यूचे कारण म्हणून काय लिहिले गेले, या प्रश्नाला राज्यभर एकाएकी महत्त्व आले. कोणाची चाचणी झालेली नव्हती, कोणाचा अहवाल मृत्यूनंतर आला होता, तर कोणी रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच गेला होता. अखेरीस चाचणीनंतर ३० दिवसांत झालेला मृत्यू, मग तो रुग्णालयाबाहेर झालेला असला तरी, कोरोनाचा धरावा असा नियम करावा लागला.

निरनिराळ्या देशांनी महामारीला कसे तोंड दिले याची तुलना करताना बहुधा दर लाख लोकसंख्येमागे किती मृत्यू झाले हा आकडा पुढे ठेवला जातो. तो आकडा तयार होतो तो अशाच नोंदवह्यांतून. तेव्हा साथ कोठे आहे हे त्या त्या देशाला किती लवकर कळले, आणि जे कळले ते त्याने किती खरेपणाने लिहून ठेवले, हे प्रथम तपासावे लागते. टाळेबंदी कडक होती की सौम्य हा प्रश्न त्यानंतरचा होय.

कोतवाल बुकातील 'ताप'

विदर्भातील सरपंचांना व महसूल कर्मचाऱ्यांना कोतवाल बुकाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. जातीच्या दाखल्यासाठी आजही त्याच्या नकला काढल्या जातात. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात गावचा कोतवाल गावातील जन्ममृत्यूची वर्दी ठाण्यात देत असे आणि प्रांताच्या आरोग्याचा सारा हिशेब या वर्दीवर उभा असे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने या व्यवस्थेची परीक्षा घेतली. जून महिन्यात मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले पोलीस शिपाई आजारी पडले. ती लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरपासून आलेली दुसरी लाट मात्र रेल्वेच्या मार्गाने देशाच्या अंतर्भागात शिरली आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मध्यप्रांतातील गावे तिने अक्षरशः ओस पाडली. सर्वाधिक हानी झालेल्या प्रांतांत मध्यप्रांत-वऱ्हाडाची गणना होते. त्या वर्षी पाऊस अपुरा झाला होता, धान्य महागले होते आणि अनेक डॉक्टर महायुद्धाच्या कामगिरीवर गेलेले होते.

या संकटात वर्दी देणारी यंत्रणाच आजारी पडली. मृत्यूंची नोंद झाली, तीही बहुतेक ठिकाणी 'ताप' या एकाच सदराखाली. परिणामी त्या साथीत भारतात किती माणसे दगावली याचा प्रारंभीचा सरकारी अंदाज ६० लाखांचा होता. १९२१ च्या जनगणनेच्या वेळी तो सव्वा कोटीच्या आसपास गेला आणि पुढील काळातील एका अभ्यासकाने तो पावणेदोन कोटींपर्यंत नेला. मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या ब्रिटिश जिल्ह्यांची लोकसंख्या १९११ साली सुमारे १ कोटी ३९ लाख होती. दहा वर्षांनीही ती जवळजवळ तेवढीच, किंबहुना किंचित कमीच भरली. सरकारला आपत्तीचे खरे माप मिळाले ते जनगणनेच्या वेळी, म्हणजे मृतांसाठी काही करणे शक्य नव्हते तेव्हा.

त्याच वर्षी प्रशांत महासागरातील दोन शेजारी बेटसमूहांत जे घडले, त्याहून स्पष्ट तुलना साथींच्या इतिहासात क्वचितच सापडेल. पश्चिम सामोआ न्यूझीलंडच्या ताब्यात होते, तर पूर्व सामोआ अमेरिकेच्या. लोक एकाच वंशाचे, एकाच भाषेचे. मधले अंतर शे-सव्वाशे किलोमीटरचे. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून आलेले 'तालुने' हे जहाज पश्चिम सामोआतील आपिया बंदरास लागले. जहाजावर आजारी माणसे होती. पण निघताना त्याला निरोगी असल्याचे प्रमाणपत्र मिळालेले होते. उतारूंना उतरू देण्यात आले आणि थोड्याच आठवड्यांत सुमारे ८,५०० माणसे, म्हणजे लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक, मृत्युमुखी पडली. अमेरिकी सामोआचे गव्हर्नर जॉन पोयर यांनी साथीच्या बातम्या वाचून जहाजांवर विलग्नवासाची सक्ती केली आणि किनाऱ्यावर पहारे बसविले. तेथे या साथीने एकही मृत्यू झाला नाही. २००२ साली न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी या प्रकरणाबद्दल सामोआच्या जनतेची क्षमा मागितली. दोन्हीकडे औषध सारखेच, म्हणजे काहीच नव्हते. एका ठिकाणी कागदावर चुकीची नोंद झाली आणि दुसऱ्या ठिकाणी आलेल्या बातमीवर वेळीच विश्वास ठेवला गेला, एवढाच फरक होता.

बळाने मिळणारी माहिती

माहिती मिळविण्यासाठी बळ वापरले की काय होते, याचा धडा महाराष्ट्राने त्याही आधी घेतला होता. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी गोऱ्या सैनिकांकरवी घरांची झडती घेतली गेली. लोकांनी रुग्ण लपविले आणि गाव सोडले. रँड यांच्या वधापर्यंत गेलेला तो इतिहास सर्वपरिचित आहे. त्याच वर्षी केलेला साथरोग प्रतिबंधक कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू करण्यात आला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कायदा तोच राहिला. त्याच्या अंमलबजावणीत लोकांचा विश्वास किती धरायचा, हे मात्र प्रत्येक पिढीतील अधिकाऱ्यांना नव्याने ठरवावे लागले.

दक्षिण कोरियाचा अनुभव या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. २०१५ साली तेथे 'मर्स' या श्वसनरोगाचे १८६ रुग्ण आढळले व ३८ मृत्यू झाले. रोग प्रामुख्याने रुग्णालयांतून पसरत होता. परंतु त्या रुग्णालयांची नावे शासनाने प्रारंभी जाहीर केली नाहीत. त्याबद्दल तीव्र टीका झाली आणि त्यानंतर कायदे बदलण्यात आले. साथीच्या काळात माहिती प्रसिद्ध करणे बंधनकारक झाले आणि नव्या चाचणीसंचास तातडीने मान्यता देण्याची तरतूद झाली. २० जानेवारी २०२० रोजी देशात कोरोनाचा पहिला रुग्ण आढळला. आठवड्याभरात आरोग्य अधिकाऱ्यांनी सोल रेल्वे स्थानकातील एका सभागृहात चाचणीसंच बनविणाऱ्या कंपन्यांची बैठक घेतली आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पहिला संच मान्य झाला. त्याच महिन्यात देगू शहरात एका धर्मपंथाच्या अनुयायांमध्ये मोठा उद्रेक झाला. एका दिवसात ९०० हून अधिक रुग्ण निघाले. मोटारीतून न उतरता नमुना देण्याची केंद्रे उघडली गेली. सर्व देशाची टाळेबंदी न करता हा उद्रेक काबूत आला, आणि १५ एप्रिल रोजी तेथे राष्ट्रीय विधिमंडळाची निवडणूकही पार पडली.

परंतु या यशालाही एक बोच होती. रुग्ण कोठे कोठे गेला हे मोबाइल व बँक कार्डांच्या नोंदींवरून शोधून जाहीर केले जात असे. मे २०२० मध्ये सोलच्या इतेवॉन भागातील रात्रीच्या क्लबांतून नवा उद्रेक झाला, तेव्हा बदनामीच्या भयाने अनेकजण पुढे येईनात. त्यावर सोलच्या प्रशासनाने नाव न विचारता चाचणी करण्याची सोय केली. नाव सोडून दिले म्हणून रोगाची माहिती हाती आली. पुण्याच्या झडतीशी हा प्रसंग ताडून पाहावा.

तैवानने दुसरा एक मुद्दा हेरला. २००३ च्या 'सार्स' साथीनंतर तेथे मध्यवर्ती आरोग्य नियंत्रण कक्ष उभारण्यात आला होता. ३१ डिसेंबर २०१९ पासूनच वुहानहून येणाऱ्या विमानांत चढून प्रवाशांची तपासणी सुरू झाली. आरोग्य विमा कार्डावर मुखपट्ट्यांचे शिधावाटप झाले. मुख्य म्हणजे १४ दिवस घरात राहण्याचा आदेश मिळालेल्या आणि त्यामुळे वेतन बुडालेल्या व्यक्तीस दररोज एक हजार तैवानी डॉलर भत्ता देण्यात आला. एप्रिल ते डिसेंबर २०२० या काळात सलग २५३ दिवस तेथे एकही स्थानिक रुग्ण आढळला नाही. अर्थात, २०२२ मध्ये विषाणूचा नवा प्रकार आल्यावर तैवानलाही मोठी किंमत द्यावी लागली. न्यूझीलंडने मार्च २०२० मध्ये सीमा बंद करून काही काळ हेच साधले; पण पन्नास लाख वस्तीच्या बेटाची रीत खंडप्राय देशास जशीच्या तशी लागू पडणारी नव्हती.

स्वीडनविषयी टोकाची मते व्यक्त होत आली आहेत. तेथे सोळा वर्षांखालील मुलांच्या शाळा चालू राहिल्या आणि सक्तीपेक्षा सूचनांवर भर दिला गेला. वृद्धाश्रमांतील मृत्यू मात्र टळले नाहीत. तेथील चौकशी आयोगाने २०२० च्या अखेरीस वृद्धांचे संरक्षण करण्यात अपयश आल्याचे स्पष्ट सांगितले. अंतिम अहवालात त्याने सौम्य धोरण एकंदरीत योग्य ठरविले. पण प्रारंभीच्या आठवड्यांत अधिक कठोर उपाय योजायला हवे होते असेही नमूद केले. तीन वर्षांचा एकत्रित हिशेब करता स्वीडनमधील अधिकचे मृत्यू युरोपात कमी असलेल्या देशांत मोडतात. कोणत्या महिन्यात मोजणी थांबवावी यावर निष्कर्ष कसा पालटतो, याचे हे उदाहरण होय.

नागपूरचा अनुभव

भारतात २५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी आली, तेव्हा देशातील ज्ञात रुग्णांची संख्या सुमारे पाचशे होती. पाऊल लवकर पडले. परंतु हातावर पोट असलेल्या कामगाराच्या भत्त्याचा विचार तैवानप्रमाणे आधी झालेला नव्हता. नागपूर देशाच्या मध्यावर असल्याने गावाकडे पायी निघालेल्या मजुरांचे तांडे एप्रिल-मे महिन्यांत शहराच्या सीमेवरील महामार्गांवरून जाताना दिसले. तेथे त्यांच्यासाठी अन्नपाण्याची सोय करण्यास नागरिकच मोठ्या संख्येने पुढे आले.

शहरात पहिला रुग्ण ११ मार्च रोजी आढळला. आरंभी विदर्भातील नमुन्यांच्या तपासणीचा भार मेयो रुग्णालयाच्या प्रयोगशाळेवर होता. सतरंजीपुरा व मोमिनपुरा भागांत रुग्ण निघताच त्यांच्या संपर्कातील माणसे मोठ्या संख्येने सिव्हिल लाइन्समधील आमदार निवास व इतर ठिकाणी विलगीकरणात ठेवण्यात आली. महापालिकेने सदरच्या आयुष रुग्णालयासह आपली पाच रुग्णालये नव्याने सज्ज केली. या उपायांनी पहिले काही महिने शहराला उसंत मिळाली. परंतु चाचणी म्हणजे घराबाहेर नेले जाणे, आणि घराबाहेर जाणे म्हणजे रोजी बुडणे, हे समीकरण एकदा मनात बसले की माणूस अंगावर ताप काढतो. ऑगस्ट-सप्टेंबरमधील वाढीनंतर राज्यात १५ सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली. तिच्यात शिक्षक, आशा कार्यकर्त्या व स्वयंसेवक घरोघर जाऊन ताप व प्राणवायूची पातळी पाहू लागले. रुग्णाने शासनाकडे येण्याऐवजी शासनाने त्याच्या दाराशी जावे, ही दिशा योग्य होती. मुंबईतील धारावीत हेच आधी करून दाखविण्यात आले होते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी जुलै २०२० मध्ये त्याचा गौरवाने उल्लेख केला होता.

दुसऱ्या लाटेची चाहूल विदर्भालाच प्रथम लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत रुग्ण झपाट्याने वाढले व तेथे टाळेबंदी करावी लागली. मार्चच्या मध्यास नागपुरात आठवडाभराची टाळेबंदी झाली. देशाच्या इतर भागांना या इशाऱ्यामुळे काही आठवड्यांचा अवधी मिळाला होता. तो पुरेसा उपयोगात आला नाही. एप्रिलमध्ये नागपूर जिल्ह्यात एकेका दिवशी सात हजारांहून अधिक रुग्ण निघाले. २३ एप्रिलच्या रात्री विशाखापट्टणमहून आलेल्या पहिल्या प्राणवायू गाडीतील तीन टँकर नागपूर स्थानकावर उतरविण्यात आले.

आकड्यांची तुलना करताना

देशोदेशींचे मृत्युदर शेजारी मांडताना मोठी सावधगिरी बाळगावी लागते. २०२० च्या वसंतात बेल्जियमचा दर भयावह दिसला, कारण त्या देशाने वृद्धाश्रमांतील केवळ संशयित मृत्यूही मोजले होते. ब्रिटनच्या दैनिक आकड्यांत एप्रिलच्या अखेरपर्यंत रुग्णालयाबाहेरचे मृत्यू धरलेच जात नव्हते. पेरू देशाने ३१ मे २०२१ रोजी स्वतःच्या नोंदी फेरतपासून मृतांची संख्या ६९,३४२ वरून १,८०,७६४ वर नेली. एका दिवसात तो देश जगात सर्वाधिक मृत्युदराचा ठरला. असा आकडा स्वतःहून जाहीर करणारे शासन निंदेस पात्र की प्रशंसेस, याचा विचार अभ्यासकांनी करावा.

२०२० व २०२१ या दोन वर्षांत भारतात एरवीपेक्षा ४७ लाख अधिक मृत्यू झाले असावेत, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. अधिकृत कोरोना-मृत्यू त्या काळात ४ लाख ८१ हजार होते. गणिती प्रतिमानावर आधारलेल्या या पद्धतीस भारत शासनाने आक्षेप घेतला. नागरी नोंदणीचे २०२१ चे आकडे मे २०२५ मध्ये उपलब्ध झाले. त्यानुसार देशात २०२० साली सुमारे ८१ लाख आणि २०२१ साली सुमारे १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेले. या वाढीचा काही भाग सुधारलेल्या नोंदणीचा आहे. तो किती, हे सांगण्यासाठी मृत्यूचे कारण लिहिलेले असावे लागते, आणि नेमका तोच रकाना देशात दुबळा आहे.

जन्ममृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा असून त्यातील २०२३ ची सुधारणा १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली आहे. मृत्यूची वर्दी २१ दिवसांत द्यावयाची असते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात निबंधकाचे काम ग्रामपंचायतीच्या स्तरावर होते. रुग्णालयात मृत्यू झाल्यास कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र नमुना ४ मध्ये आणि घरी झाल्यास, अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या वैद्यकीय व्यावसायिकाने, नमुना ४अ मध्ये द्यावयाचे असते. खेड्यात घरी गेलेल्या वृद्धाला शेवटच्या आजारात डॉक्टरने पाहिलेलेच नसते, असे पुष्कळदा घडते. मग नातेवाईक सांगतील ते कारण लिहिले जाते : वार्धक्य, हृदयक्रिया बंद पडणे, किंवा १९१८ च्या कोतवालाने लिहिले होते तेच, ताप.