मांजराच्या पिल्लाचा आहार : ओल्या व कोरड्या खाद्याची निवड

धान्याची कोठी, कडब्याची गंजी आणि कोंबड्यांचे खुराडे असलेल्या घरी उंदरांच्या बंदोबस्तासाठी मांजर पाळण्याची प्रथा जुनी आहे. नवे पिल्लू आणले की त्याच्यापुढे बशीभर दूध आणि त्यात कुस्करलेली भाकरी किंवा पोळी ठेवली जाते. पुष्कळ वेळा चार-आठ दिवसांतच पिल्लाला हगवण लागते, त्याची वाढ खुंटते आणि काही पिल्ले दगावतात. दोष पिल्लाच्या प्रकृतीला दिला जातो. प्रत्यक्षात तो बहुधा आहाराचा असतो. आता तालुक्याच्या बाजारपेठेतही मांजरांचे तयार खाद्य पाकिटांतून व पिशव्यांतून मिळू लागले आहे. त्यामुळे ओले खाद्य घ्यावे की कोरडे, असा प्रश्न पशुपालक विस्तार कार्यकर्त्यांना विचारू लागले आहेत. गाई-म्हशींसाठी हिरवा आणि वाळलेला चारा ज्या हिशेबाने तोलला जातो, त्याच हिशेबाने या प्रश्नाचे उत्तर देता येते.

मांजर मूलतः मांसाहारी

कुत्रा मिश्र आहारावर जगू शकतो. मांजर जगू शकत नाही. काही पोषकद्रव्ये तिच्या शरीरात पुरेशी तयार होत नाहीत, ती प्राणिज अन्नातूनच मिळावी लागतात. त्यांतील टॉरिन हे सर्वांत महत्त्वाचे. टॉरिन कमी पडल्यास मांजराच्या डोळ्यातील दृष्टिपटलाचा ऱ्हास होतो, हे १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. ही हानी भरून येत नाही. त्याच कमतरतेमुळे हृदयाचे स्नायू सैल पडून हृदय निकामी होते, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शास्त्रज्ञांनी १९८७ साली सिद्ध केले. त्यानंतर तयार खाद्यांतील टॉरिनचे प्रमाण वाढविण्यात आले.

आर्जिनिन या अमिनो आम्लाविषयी मांजर याहूनही नाजूक आहे. आर्जिनिन नसलेले एकच जेवण दिल्यावर काही तासांत अमोनियाच्या विषबाधेची लक्षणे दिसतात, असे १९७८ मधील प्रयोगात आढळले. गाजर किंवा भोपळ्यातील कॅरोटीनपासून जीवनसत्त्व ‘अ’ तयार करणेही मांजराला जमत नाही. म्हणूनच दूध-भाकरी, वरण-भात किंवा कुत्र्याचे खाद्य हा पिल्लाचा मुख्य आहार होऊ शकत नाही. घर शाकाहारी असेल तर ही बाब पिल्लू आणण्यापूर्वीच विचारात घ्यावी.

फरक मुख्यतः पाण्याचा

कोरड्या खाद्यात साधारण ८ ते १० टक्के पाणी असते, तर ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के. मांजराचे नैसर्गिक भक्ष्य असलेल्या उंदराच्या शरीरात सुमारे ७० टक्के पाणी असते. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातील रानमांजर होते. भक्ष्यातूनच पाणी मिळविण्याची त्यांची सवय पाळीव मांजरातही उतरली असून तिची तहान मंद असते. कोरडे खाद्य खाणारे मांजर जास्त पाणी पिते खरे, परंतु त्याचे एकूण पाणी बहुधा ओले खाद्य खाणाऱ्या मांजरापेक्षा कमीच राहते. उन्हाळ्यात ही बाब विशेष महत्त्वाची ठरते.

कोरड्या खाद्याचे फायदेही आहेत. ते स्वस्त पडते, भांड्यात काही तास टिकते, साठविण्यास सोपे असते आणि थोड्या वजनात अधिक ऊर्जा देते. १०० ग्रॅम कोरड्या खाद्यातून साधारण ३५० ते ४०० किलोकॅलरी मिळतात, तर तेवढ्याच ओल्या खाद्यातून सुमारे ८० ते १००.

वेष्टनावरील आकडे कसे वाचावेत

ओल्या खाद्याच्या पाकिटावर ‘क्रूड प्रोटीन १० टक्के’ आणि कोरड्याच्या पिशवीवर ‘३४ टक्के’ असे वाचून कोरडे खाद्य तिपटीने सकस आहे, असा समज होतो. हिरव्या मक्यातील आणि कडब्यातील प्रथिनांची तुलना आपण पाणी वगळून, म्हणजे शुष्क पदार्थाच्या आधारावर करतो. येथेही तेच करावे. १०० मधून पाण्याची टक्केवारी वजा करावी आणि उरलेल्या अंकाने प्रथिनांच्या टक्केवारीला भागून १०० ने गुणावे.

ओले खाद्य : पाणी ८० टक्के, शुष्क पदार्थ २० टक्के. १० भागिले २०, गुणिले १००, म्हणजे प्रथिने ५० टक्के.

कोरडे खाद्य : पाणी १० टक्के, शुष्क पदार्थ ९० टक्के. ३४ भागिले ९०, गुणिले १००, म्हणजे प्रथिने सुमारे ३८ टक्के.

हिशेब उलटा निघाला. किमतीलाही हाच नियम लावावा. समजा, ८५ ग्रॅमचे ओले पाकीट ४५ रुपयांना मिळते. त्यात शुष्क पदार्थ केवळ १७ ग्रॅम असतो. कोरड्या खाद्याची १ किलोची पिशवी ४०० रुपयांना मिळाली, तर त्यात ९०० ग्रॅम शुष्क पदार्थ असतो. म्हणजे ओल्या खाद्यातील शुष्क पदार्थ सुमारे सहापट महाग पडतो.

अमेरिकेतील खाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना ‘ॲफको’ हिचे मानदंड आयात पाकिटांवर बहुधा नमूद असतात. त्यांनुसार वाढीच्या वयातील मांजराच्या खाद्यात शुष्क पदार्थाच्या आधारावर किमान ३० टक्के प्रथिने, ९ टक्के स्निग्ध पदार्थ, १ टक्का कॅल्शियम आणि ०.८ टक्के फॉस्फरस असावे. टॉरिन कोरड्या खाद्यात किमान ०.१ टक्का, तर डबाबंद ओल्या खाद्यात ०.२ टक्के असावे; कारण डबाबंद प्रक्रियेतील उष्णतेमुळे खाद्यातील टॉरिन आतड्यातील जिवाणूंकडून अधिक नष्ट होते.

खरेदी करताना तीन गोष्टी पाहाव्यात. खाद्य ‘संपूर्ण व संतुलित’ असल्याचा उल्लेख असावा. ‘पूरक’ किंवा ‘खाऊ’ म्हणून विकले जाणारे पाकीट मुख्य आहार म्हणून चालत नाही. ते पिल्लांसाठी किंवा सर्व वयोगटांसाठी असल्याचे लिहिलेले असावे. घटकांच्या यादीत आरंभीच मांस, मासे किंवा कोंबडी यांचे नाव असावे.

वयानुसार आहार

जन्मतः पिल्लाचे वजन साधारण १०० ग्रॅम असते आणि पुढे दर आठवड्याला ते सुमारे १०० ग्रॅमने वाढते. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर आठवड्यातून एकदा वजन करून नोंद ठेवावी. वजन वाढणे थांबले, तर ती आजाराची पहिली सूचना समजावी.

पहिले चार आठवडे आईचे दूध हाच मुख्य आहार होय. मांजरीच्या दुधातील प्रथिने गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात. त्यामुळे पोरक्या पिल्लाला गाईचे दूध पुरत नाही. अशा पिल्लासाठी मांजराच्या पिल्लांकरिता मिळणारी दूधभुकटी वापरावी. चौथ्या आठवड्यापासून पिल्लांचे ओले खाद्य कोमट पाण्यात कालवून पेजेसारखे द्यावे. सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत पिल्लू घट्ट खाद्यावर येते. त्याआधी त्याला आईपासून तोडू नये. दूध सुटल्यानंतर दुग्धशर्करा पचविण्याची शक्ती घटत जाते, म्हणून बशीभर दुधाने हगवण लागते. पिल्लाला प्यावयास स्वच्छ पाणीच ठेवावे.

दोन ते सहा महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा आणि त्यानंतर दोन-तीन वेळा खाद्य द्यावे. एक वर्षापर्यंत पिल्लांचेच खाद्य चालू ठेवावे. एक किलो वजनाच्या वाढत्या पिल्लाला दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी लागतात. केवळ कोरड्या खाद्यातून ही गरज साधारण ५० ग्रॅममध्ये भागते, तर केवळ ओल्यातून २०० ग्रॅमहून थोडे अधिक लागते. बहुतेक घरांसाठी मध्यम मार्ग सोयीचा आहे : कोरडे २५ ग्रॅम आणि ओले १०० ते १२० ग्रॅम, चार वेळांत विभागून. एवढे ओले खाद्य रोज परवडत नसेल, तर पिल्लांचे चांगले कोरडे खाद्य कोमट पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून द्यावे. भिजविलेले खाद्य ओल्या खाद्याइतकेच लवकर खराब होते, हे मात्र विसरू नये.

घरचे मांस व मासे

कोंबडी किंवा मासे घरी शिजत असतील, तर पिल्लाचा वाटा मसाला, मीठ, कांदा आणि लसूण न घालता वेगळा उकडावा. कांदा-लसणामुळे मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. उकडताना टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून ते पाणी फेकून न देता मांसाबरोबरच द्यावे. शिजविलेली हाडे काढून टाकावीत. ती फुटून घशात किंवा आतड्यात रुततात. निव्वळ मांसावर वाढविलेल्या पिल्लाची हाडे कॅल्शियमअभावी ठिसूळ होतात आणि साध्या उडीनेही मोडतात. यकृत रोज दिल्यास जीवनसत्त्व ‘अ’ अति होते. यास्तव घरचे मांस हा जोड आहार राहावा, मुख्य आहार नव्हे.

कच्चे मांस व कच्चे मासे देऊ नयेत. काही कच्च्या माशांतील विकर जीवनसत्त्व ‘ब१’ नष्ट करते. शिजविल्यावर ते निष्क्रिय होते. २०२५ च्या आरंभी मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात पाळीव मांजरांमध्ये एच५एन१ बर्ड फ्लूचा संसर्ग आढळला होता. कुक्कुटपालकांनी मेलेली कोंबडी मांजरापुढे टाकण्याची सवय पूर्णपणे सोडावी आणि अचानक मरतूक दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

बदल व साठवण

नव्या घरी पहिले काही दिवस पिल्लाला पूर्वीचेच खाद्य द्यावे. त्यानंतर सात ते दहा दिवसांत नव्या खाद्याचा वाटा पाव, निम्मा, पाऊण असा वाढवीत न्यावा. पिल्लाने दिवसभर काहीच खाल्ले नाही, किंवा उलटी-हगवण होऊन ते मलूल पडले, तर पशुवैद्यकाकडे न्यावे. घरातील पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. मांजराला ते प्राणघातक ठरते. जंतनाशक आणि लसीकरण यांचे वेळापत्रक पहिल्याच भेटीत ठरवून घ्यावे, कारण पोटात जंत असतील तर उत्तम खाद्यही अंगी लागत नाही.

कोरड्या खाद्याची पिशवी पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि उघडल्यापासून महिना-दीड महिन्यात संपवावी. बुरशीचा वास आल्यास ते टाकून द्यावे. ओले खाद्य उन्हाळ्यात भांड्यात तासाभराहून अधिक ठेवू नये. उघडलेले पाकीट शीतकपाटात झाकून ठेवल्यास दोन दिवस चालते. देण्यापूर्वी कोमट करावे. जेथे शीतकपाट नाही किंवा वीज वारंवार जाते, तेथे लहान पाकिटे घ्यावीत अथवा कोरड्या खाद्यावर भर देऊन पाण्याची दोन-तीन भांडी घरात निरनिराळ्या जागी ठेवावीत.

उंदरांचा बंदोबस्त आणि मांजर

उपाशी मांजर अधिक उंदीर मारते, हा समज चुकीचा आहे. पोटभर खाल्लेले मांजरही शिकार करते. उपाशी मांजर मात्र घर सोडून भटकते आणि उकिरड्यावर किंवा शेजारच्या खुराड्यात अन्न शोधते. शेतात किंवा कोठारात झिंक फॉस्फाइड अथवा ब्रोमॅडिओलोनचे आमिष ठेवले असेल, तर विष खाल्लेला उंदीर मांजराच्या तोंडी लागून त्यालाही विषबाधा होऊ शकते. आमिष ठेवण्याच्या काळात मांजर घरात बांधील ठेवावे, मेलेले उंदीर रोज वेचून खोल पुरावेत आणि त्या दिवसांत मांजराला पुरेसे खाद्य द्यावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी गृहभेटीत पशुपालकाच्या हातातील पाकीट घेऊन त्याच्यासमोरच शुष्क पदार्थाचा हिशेब करून दाखवावा. चाऱ्याचा हिशेब जाणणाऱ्यास तो पाच मिनिटांत उमगतो. कोठारातील धान्य राखणाऱ्या मांजराला पिल्लूपणी आठ-दहा महिने योग्य आहार मिळाला, तर ते पुढे अनेक वर्षे घराच्या उपयोगी पडते.