कांडी मोडून बघ

वसमत, जि. हिंगोली

चि. बाळास,


तुझा फोन आला तेव्हा मी दादाबरोबर मोंढ्यात होतो. गलक्यात धड बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. टेनर सॅक्सोफोन घ्यायचं तुझं ठरलंय. चाळीस हजारांच्या आत बसणारे तीन नग तू हेरून ठेवलेस आणि त्यातला काळ्या अंगाचा, सोनेरी चाव्यांचा तुझ्या मनात भरलाय. 'काका, चांगला कोणता ते ओळखायचं कसं?' असं तू विचारलंस. उत्तर दोन मिनिटांत देण्यासारखं नाही.

त्या दिवशी मोंढ्यात आपल्याच हळदीचा ढीग ओतला होता. पॉलिश केलेल्या कांड्या उन्हात झळकत होत्या. खरेदीदारानं ढिगात कोपरापर्यंत हात घातला, पार तळातून दोन कांड्या काढल्या, तळहातावर तोलल्या आणि एक काड्कन मोडली. नीट शिजलेली, नीट वाळलेली कांडी मोडताना धातूवर टिचकी मारावी तसा आवाज देते. तो त्यानं ऐकला, मग मोडलेलं तोंड उजेडाकडे धरून आतला रंग पाहिला आणि तेव्हाच भाव बोलला. पॉलिश त्यालाही दिसत होतंच. पण ते कोणत्याही मालावर चढतं, हे त्याला ठाऊक होतं. तुझ्या वाद्याचे पैसे याच हळदीचे आहेत. ते देताना तूही तसंच वाग.

आता माझी गोष्ट सांगतो. ती मी दादालाही कधी धड सांगितलेली नाही. माझं पहिलं टेनर मी एका शहरातल्या दुकानातून जुनं घेतलं. लख्ख होतं, भोंग्यावर वेलबुट्टी कोरलेली होती. मी ते एकदा फुंकलं, आवाज निघाला, पैसे दिले. वरचे सूर बरे यायचे, खाली उतरलं की मात्र आवाज घरघरायचा, फाटायचा, नाहीतर एकदम वरच्या सप्तकात उडी मारायचा. मला वाटलं, माझाच दम कमी. पहाटे उठून दीर्घ सूर भरले, छाती दुखेपर्यंत फुंकलं, चाव्या दात-ओठ खाऊन दाबल्या. दोन वर्षं अशी गेली. मग एका वरातीत परगावचे एक म्हातारे क्लॅरिनेटवाले भेटले. त्यांनी माझं टेनर मागितलं, वाजवलं आणि लगेच परत दिलं. म्हणाले, 'पोरा, हे वरून गळतंय.' वरच्या एका चावीची गादी केसभर तिरकी बसत होती. तिथून हवा जायची आणि सगळे खालचे सूर मरायचे. गादी बदलायला अर्धा तास लागला. माझ्या बोटांना लागलेली आवळून दाबायची खोड मात्र आजही पुरती गेलेली नाही.

म्हणून सांगतो, वाद्य स्वस्त असलं तरी चालेल, खोटं नको. स्वस्त वाद्याचा आवाज जरा पातळ असेल, चाव्या जरा खडखडतील, तरी शिकता येतं. खोटं वाद्य स्वतःचा दोष तुझ्या अंगावर ढकलतं. नवशिक्याला ते कळत नाही, तो स्वतःलाच दोष देत बसतो आणि एक दिवस वाद्य कोनाड्यात ठेवून देतो. वाद्यातला दोष आणि आपल्यातला दोष वेगळा काढता आला की पारख आलीच समज.

तो वेगळा काढायची युक्ती सोपी आहे. एकच माउथपीस आणि एकच रीड तिन्ही नगांवर लावून वाजव. दुकानातल्या प्रत्येक नगाबरोबर आलेल्या माउथपीसवर वाजवशील तर तू माउथपीसची तुलना करशील, वाद्याची नाही. आवाजाचा रंग आधी ठरतो वाजवणाऱ्याच्या तोंडात, मग रीड आणि माउथपीसमध्ये. पितळी नळीचा वाटा त्यानंतरचा. मग उलट कर. जो नग आवडला तो एखाद्या मुरलेल्या वाजवणाऱ्याच्या हातात दे. जी अडचण तुझ्याबरोबर तिन्ही वाद्यांवर फिरते ती तुझी, तिच्यावर रियाज हाच उपाय. जी एकाच नगावर दोघांनाही येते ती त्या नगाची, तिच्यावर उपाय तो नग तिथंच सोडून येणं.

ऐकायचं काय, तेही सांगतो. टेनरवर ज्याला 'सी' म्हणतात तो आपल्या पेटीवर काळी पाचला मिळतो. सगळ्या चाव्या झाकल्या की निघणारा सगळ्यात खालचा सूर काळी चारचा. मधल्या सुरापासून एकेक पायरी उतरत त्या काळी चारपर्यंत जा, पण हळू वाजव. जोरात फुंकल्यावर फुटकं वाद्यही बोलतं. झोपलेलं लेकरू जागं होऊ नये इतक्या हलक्या श्वासात खालचा सूर उमटला तर वाद्य बंदिस्त आहे. तुझा दम अजून कच्चा आहे, तेव्हा हे काम मुरलेल्या माणसाकडून करून घे आणि तू डोळे मिटून ऐक. मग फोनमधला ट्यूनर लावून एकेक सूर लांब धर. थोडं खालीवर प्रत्येक सॅक्सोफोनमध्ये असतं, ओठांनी ते सावरता येतं. पण एक सूर चढा आणि त्याच्या शेजारचाच उतरलेला असेल, तर तू आयुष्यभर सावरतच बसशील.

अंगठ्याची सप्तकाची चावी नक्की तपास. ती दाबून ठेव आणि 'जी', 'ए', 'जी', 'ए' असं बोटांनी करत राहा. 'ए'ला नेकवरची, म्हणजे माउथपीसखालच्या वाकड्या नळीवरची, छोटी चावी उघडली पाहिजे आणि 'जी'ला ती घट्ट मिटलेली राहिली पाहिजे. 'जी'लाही ती किंचित उचलली जात असेल तर नेक वाकलेली असेल किंवा जोडणी बिघडलेली असेल. स्वस्त वाद्यात ही गडबड पुष्कळदा सापडते.

गळती डोळ्यांनीही दिसते. दिवाळीतली बारीक एलईडीची माळ असते ना, सेलवर चालणारी, ती बरोबर ने. दुकानदाराला विचारून खोलीतला दिवा मालव, माळ भोंग्यातून आत सोड आणि एकेक चावी हलकेच मिट. गादीच्या कडेनं उजेडाची रेघ दिसली की तिथून हवाही जाणार. माळ नसेल तर पातळ कागदाची चिंधी गादीखाली ठेव, चावी मिट आणि कागद ओढ. चारही बाजूंनी तो सारखाच अडला पाहिजे. या वाद्याला वीसहून जास्त गाद्या असतात. सगळ्या बघायला पाऊण तास गेला तरी जाऊ दे. जो दुकानदार एवढं बघू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नकोस.

हाताचं म्हणशील तर टेनर जड असतं, तीन-साडेतीन किलोंचं. गळ्यात अडकवून दहा मिनिटं उभा राहा. मान ओढत असेल तर दोन्ही खांद्यांवरून जाणारा पट्टा घे. तांदूळ निवडताना खडा उचलतो तितक्याच हलक्या बोटांनी चाव्या मिटल्या पाहिजेत. डाव्या करंगळीला चार चाव्यांचा कारभार सांभाळावा लागतो. तुझी करंगळी तिथपर्यंत न ताणता पोचते का ते बघ. चावी धरून डावी-उजवीकडे हलव. खिळखिळी वाटली तर चावीची नळी आणि तिच्यातली सळई यांतलं अंतर आत्ताच वाढलेलं आहे, पुढे ते वाढतच जाईल. स्वस्त वाद्याचा खरा धोका मऊ धातूच्या चाव्यांत असतो. आज सगळं बरोबर मिटतं, दोन महिन्यांनी चाव्या वाकून जोडणी सुटते. म्हणून नवं घेतलंस तरी दोन महिन्यांनी पुन्हा माळ सोडून बघ.

आता दिसण्याबद्दल. काळा रंग आवडला म्हणून मी तुला रागावणार नाही. वरातीतल्या झगमगाटात वाद्य चमकलं की वाजवणाऱ्याचीही मान ताठ होते, हे मी अनुभवलंय. फक्त त्या रंगामुळे आवाज 'दाट' होतो असं कुणी सांगितलं तर मानू नकोस. डोळे वापरायचेच तर जोडांवर वापर. सोल्डरचे थेंब बाहेर ओघळलेत का, चाव्यांचे खांब एका ओळीत आहेत का, गाद्या भोकांच्या मधोमध बसल्यात का, नेक घट्ट पण सहज फिरत आत जाते का. जिथं कारागिरानं लपलेला जोडही साफ केलाय, तिथं त्यानं गाद्याही मन लावून बसवल्या असतील. आणि घरी आणल्यावर आजीच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांसारखं चिंच-मिठानं घासू नकोस. वरचा लेप जाईल आणि पाणी लागलं की गाद्या फुगतील. मऊ कोरडं कापड पुरे.

माल कुठला, असंही तू विचारलंस. मेरठच्या जली कोठी भागात पिढ्यान् पिढ्या बँडची वाद्यं बनतात. तैवानमधलं होउली हे गाव सॅक्सोफोनसाठीच नावाजलेलं आहे. आज दुकानात दिसणारी बरीचशी स्वस्त वाद्यं चीनमधून येतात. गावावरून नगाचा निकाल लावू नकोस. एकाच पेटीतून आलेल्या दोन नगांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. म्हणून 'कोणती कंपनी' याआधी 'यातला कोणता नग' हे विचारायचं. आणखी एक, चाळीसचे चाळीस हजार वाद्यावर घालू नकोस. सात-आठ हजार मागे ठेव. त्यातून बरं माउथपीस, दोन नंबरच्या आणि अडीच नंबरच्या थोड्या रीड, पट्टा आणि पहिली दुरुस्ती होईल. आपल्याकडे मे महिन्यात रीड वाळून वाकतात, त्या डबीत ठेव, उघड्यावर टाकू नकोस. आपल्या गावात सॅक्सोफोन दुरुस्त करणारा नाही. तुटलेल्या स्प्रिंगच्या जागी रबर बँड लावून आम्ही अख्खा लग्नहंगाम काढलेला आहे. तुला ती वेळ येऊ नये.

शेवटी तू जे अर्धवट बोललास, त्याबद्दल. मित्र हसतात, 'बँडवाल्यांचं वाद्य घेतोय' म्हणतात. त्यांना म्हणावं, हे वाद्य आधी बँडमध्येच रुजलं. अदोल्फ साक्स या बेल्जियन कारागिरानं १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि फ्रान्सच्या फौजी बँडांनी ते आधी उचललं. आपल्या देशात लग्नाचे बँड उभे राहिले तेही फौजी बँडांचं बघून. आणि फौज काही लांबची गोष्ट नव्हती, आपल्या हिंगोलीतही निजामाच्या काळात हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. कद्री गोपालनाथ यांनी लहानपणी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि त्याच वाद्यावर कर्नाटक संगीतातली गमकं उतरवली. पुढे २००४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मनोहारी सिंग राहुल देव बर्मन यांचे सहायक होते आणि बर्मन यांच्या गाण्यांमधला त्यांचा सॅक्सोफोन आपल्याकडच्या प्रत्येक बँडवाल्यानं कान देऊन ऐकला. ज्याचं घराणं बँडचं, त्यानं हे वाद्य गळ्यात घालताना मान खाली घालायचं काहीच कारण नाही.

आता व्यवहाराचं. दुकानदाराशी बोलून आठ दिवसांच्या बोलीवर नग घे, न पटल्यास परत, असं बिलावर लिहून घे. येत्या रविवारी नांदेडहून सकाळच्या एसटीनं वाद्य घेऊन इकडे ये. माजघराची दारं-खिडक्या लावून आपण माळ आत सोडू. मग तू वाजव, मी तुझ्याकडे पाठ करून बसेन, म्हणजे काळा रंगही दिसायचा नाही आणि पुतण्याचं तोंडही. आधी माझ्या जुन्या टेनरवर काळी चार लाव, मग नव्यावर. माझ्या टेनरवरही सूर फाटला तर दोष तुझा, आपण रियाज ठरवू. माझ्या टेनरवर उमटला आणि नव्यावर फाटला, तर सोमवारी ते परत जाईल, मग ते कितीही देखणं असो.

दादाला काळजी वाटतेय, तो बोलत नाही इतकंच. त्याला सांग, आपण हळदीचे पैसे हळदीसारखेच पारखून खर्च करणार आहोत.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
काका