राखाडी भंडारा

पोस्टकार्ड परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलं होतं. अक्षर शाळकरी मुलाचं, ओळी वर-खाली गेलेल्या. ‘ताईंना नमस्कार. फोटो मिळाला. आजी विचारते, तोंडाला राख कशी लागली? भंडारा कुठं गेला?’

१९९५ च्या सुमाराची ही गोष्ट. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीबरोबर मी पुण्याहून वाल्ह्यापर्यंत चालले होते. कॅमेरा एकच, लेन्स एकच, ५० मिलिमीटरची, आणि पिशवीत सहा रोल, सगळे ब्लॅक अँड व्हाइट. तेव्हा मी फिल्म शंभर फुटांच्या रिळातून घेत असे. अंधारात कापून जुन्या डब्यांत भरली की एका रिळातून छत्तीस फोटोंचे अठरा-एकोणीस रोल निघत. न्हाणीघराला काळा पडदा लावून रोल मीच धूत असे. उन्हाळ्यात नळाचं पाणी तीस अंशांवर जाई, तेव्हा औषधाची बाटली बर्फात ठेवून वीस अंशांवर आणायची. रंगीत रोलचं औषध मात्र अडतीस अंशांच्या जवळ नेमकं धरावं लागतं, ते घरी जमण्यासारखं नव्हतं. म्हणून वारीला ब्लॅक अँड व्हाइट नेलं. कारण एवढंच होतं. वारीत काय दिसणार आहे, याचा विचार मी केला नव्हता.

दिवे घाटात ही चूक लक्षातच आली नाही, कारण तिथे माझी फिल्म अगदी बरोबर ठरली. आभाळ खाली आलेलं, बारीक पाऊस, घाटाच्या वळणावळणांवर पांढऱ्या टोप्यांची रांग, खाली मस्तानी तलावाचं पत्र्यासारखं पाणी. माऊलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपलेल्या, त्यांच्या ओल्या पाठी चकाकत होत्या. संध्याकाळी उजेड इतका कमी झाला की चारशे एएसए वेगाची फिल्म मी सोळाशेची धरून वापरली आणि घरी औषधात जास्त वेळ ठेवली. दाणा वाढला, पण तो पावसाचाच भाग वाटावा असा उतरला. त्या दिवसाचे नऊ फोटो आजही माझ्या भिंतीवर आहेत.

मग जेजुरी आली. खंडोबाच्या गावात माऊलींचं स्वागत भंडाऱ्यानं होतं. वैष्णवांची पालखी मल्हारीच्या दारात येते आणि दोन्ही बाजूंनी हळद उधळली जाते. हवा पिवळी होते. टोपी, खांदे, पखवाजाचं कातडं, पालखीची झूल, सगळं एका रंगात न्हाऊन निघतं. याच गर्दीत त्या आजी भेटल्या. डोक्यावर तुळस, कपाळापासून हनुवटीपर्यंत भंडारा, हसताना फक्त डोळे आणि दात दिसत होते. ‘माऊली, माझा एक काढ की,’ म्हणाल्या. मी काढला, पत्ता लिहून घेतला, महिनाभरानं प्रिंट पाठवली.

त्यावर हे पोस्टकार्ड आलं. प्रिंट पुन्हा हातात घेतली आणि आजींचं म्हणणं शब्दशः खरं होतं. ब्लॅक अँड व्हाइट फिल्म पिवळ्या रंगाला फिकट राखाडी करते. सावळ्या चेहऱ्यावरची हळद म्हणजे कागदावर राख. त्यात आभाळ थोडं गडद यावं म्हणून मी लेन्सवर पिवळा फिल्टर चढवला होता. पिवळा फिल्टर पिवळ्याला आणखी उजळ करतो, त्यामुळे ती राख पांढुरकी झाली. कपाळावरचं कुंकू जवळजवळ काळं. आजींच्या हिरव्या लुगड्याचे लाल काठ तर गायबच होते, कारण तो हिरवा आणि तो लाल सारख्याच गडदपणाचे होते. फिल्मनं तिचं काम चोख केलं होतं. मी तिला चुकीच्या ठिकाणी नेलं होतं. आणि आपल्याकडे तोंडाला हळद लागणं आणि राख लागणं यांत किती अंतर आहे, हे कुणाला सांगायला हवं?

पुढच्या वर्षी मी दुसऱ्या टोकाला गेले. सगळ्या रंगीत स्लाइड, शंभर एएसएच्या. जेजुरीत त्यांनी डोळ्यांचं पारणं फेडलं. पण त्याआधीच्या दिवे घाटात हाती काही लागलं नाही. संध्याकाळच्या पावसात शंभरच्या फिल्मला पुरेल एवढा उजेड नसतो. शटर सेकंदाच्या तिसाव्या-पंधराव्या भागावर आणावं लागलं, चालणारी माणसं फराटे झाली. ढगाळ उजेडानं सगळ्यावर निळसर झाक चढवली. आणि ज्याचा मी विचारच केला नव्हता ते म्हणजे पावसासाठी पांघरलेले प्लॅस्टिकचे कागद, निळे, गुलाबी, पोपटी. प्रत्येक चौकटीत नजर आधी त्यांच्यावर जाई. आदल्या वर्षी हेच कागद होते, पण राखाडीत ते मुकाट मागे सरले होते आणि चेहरे पुढे आले होते. रात्री मुक्कामाच्या शाळेत ट्यूबलाइटखाली काढलेल्या भजनाच्या स्लाइड तर हिरव्या आल्या. दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली रंगीत फिल्म ट्यूबखाली हिरवी आणि पिवळ्या बल्बखाली नारिंगी होते. ब्लॅक अँड व्हाइटला दिव्याची जात कळत नाही. देवळांत, धर्मशाळांत, एसटी स्टँडवर फोटो काढणाऱ्यासाठी हा फार मोठा आधार आहे.

दोन वर्षांच्या या दोन चुका मी आमच्या पेठेतल्या फोटो स्टुडिओच्या काकांना सांगितल्या. रंगीत फिल्म परवडत नव्हती त्या काळात काका लग्नाचे फोटो हातानं रंगवत, कापसाच्या बोळ्यानं आणि बारीक ब्रशनं. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, ‘तू फोटो स्वतःसाठी काढत होतीस की त्या बाईंसाठी?’ आणि मग म्हणाले, ‘नवरीचा शालू कुठल्या रंगाचा होता, हे घरचे आधी विचारतात. उजेड कुठून आला होता, हे कुणी विचारत नाही.’

तेव्हापासून माझा पहिला नियम ठरला, आणि तो मी कधी मोडलेला नाही. ज्याचा फोटो त्याला द्यायचा आहे, तो रंगीत काढायचा. प्रवासात भेटलेल्या माणसाला त्याचं लुगडं, त्याचा फेटा, त्याचं दार त्याच रंगात परत मिळायला हवं. फोटोच्या कलेबद्दलची आपली मतं त्याच्यावर लादायची नाहीत.

यापलीकडे ‘दोन्हींत चांगलं कोणतं’ असं मला तरुण मुलं विचारतात, तेव्हा मी भोपाळचं उदाहरण देते. १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर पुरल्या जाणाऱ्या एका लहान मुलाचा चेहरा दोन छायाचित्रकारांनी टिपला. रघु राय यांनी ब्लॅक अँड व्हाइटमध्ये, पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत. बार्थोलोम्यू यांच्या फोटोला त्या वर्षीचा ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ पुरस्कार मिळाला, रघु राय यांचा फोटोही जगभर पोचला. एकच मूल, एकच माती, आणि दोन्ही फोटो पाहताना घशात आवंढा येतो. उलट रघुबीर सिंग यांनी उभी हयात रंगीत फिल्मवर काम केलं. रंगांवाचून भारत दाखवता येत नाही, अशी त्यांची ठाम भूमिका होती. मला ती पूर्ण पटत नाही. दिवे घाट माझ्या बाजूनं साक्ष देईल. पण जेजुरीत मी त्यांच्यापुढे हात जोडते.

म्हणून निघण्यापूर्वी, रोल विकत घेण्याच्याही आधी, स्वतःला विचारा की जे पाहायला निघालो आहोत त्यातून रंग काढून घेतला तर काय उरेल. रंगपंचमी, फुलबाजार, पैठणीचे माग, अजिंठ्याची चित्रं यांतून रंग काढला की विषयच संपतो. (अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही, तेव्हा तिथे चारशे-आठशेची रंगीत फिल्म आणि स्थिर हात हवा.) पण वेरूळचं कैलास लेणं, रायगडावरचं धुकं, कोकणातल्या पावसातली होडी, म्हाताऱ्या माणसाचे हात, यांतून रंग काढला तर बहुतेक वेळा काहीच उणं होत नाही. दगड, ओल, सुरकुती, सावली हे सगळं उजेडावर उभं असतं.

मनाचा निर्णय होतच नसेल तर रंगीत निगेटिव्ह घ्या. हल्ली निगेटिव्ह स्कॅन होते, आणि रंग नंतर काढून टाकता येतो. जसा होता तसा घालता येत नाही. पण ही सोय सवय होऊ देऊ नका, असं मी कळकळीनं सांगते. कॅमेऱ्यात कोणती फिल्म आहे हे पक्कं ठाऊक असलं की पायसुद्धा वेगळे पडतात. राखाडी फिल्म असताना मी उन्हाच्या कडेला जाऊन उभी राहते, रंगीत असताना भिंतीचा रंग शोधत फिरते. ‘नंतर बघू’ म्हणून निघालेली माणसं मी पाहिली आहेत. ती दोन्हींपैकी एकही गोष्ट शोधत नाहीत.

उजेड मोजण्यातही रंगीत निगेटिव्ह, स्लाइड आणि ब्लॅक अँड व्हाइट या तिघींचे स्वभाव वेगळे. रंगीत निगेटिव्हला थोडा जास्त उजेड चालतो, कमी अजिबात सोसत नाही, सावल्या चिखलासारख्या होतात. स्लाइडचं उलट. तिला जास्त उजेड दिला की उजळ भाग कोरा होतो आणि परत येत नाही, म्हणून किंचित कमीच द्यावा. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये सावलीत जे दिसायला हवं त्यावर मीटर धरा, उजळ भाग प्रिंट करताना सांभाळता येतो.

एकाच कॅमेऱ्यात दोन्ही वापरायची असतील तर अर्धा रोल बाहेर काढता येतो, पण शिस्तीनं. परत गुंडाळताना फिल्मची जीभ बाहेर राहू द्या आणि तिच्यावर लिहा, किती फोटो झाले. पुन्हा घालताना लेन्सवर झाकण, सगळ्यात वेगवान शटर, आणि लिहिलेल्या आकड्याच्या दोन घरं पुढे जा. मी एकदा लिहायची विसरले, तर नीरेच्या काठावर पादुकांच्या स्नानाचे फोटो कुणाच्या तरी बारशावर चढले. त्यापेक्षा दुसरा साधा, जुना कॅमेरा बरा. खांद्यावर अर्धा किलो वाढतं, पुणे ते सासवडच्या लांबलचक मजलेत ते जाणवतं, तरीही बरा.

आणि डब्यांवर लिहा. हे सांगताना आजही छातीत धस्स होतं. मी रिळातली ब्लॅक अँड व्हाइट फिल्म लॅबमधून आणलेल्या रिकाम्या डब्यांत भरायची, आणि त्या डब्यांवर रंगीत कंपनीचंच लेबल असायचं. एकदा मी परगावी असताना भावानं घरातले सगळे रोल उचलून एका लॅबमध्ये नेऊन दिले. त्यांत वाल्ह्याचे माझे दोन होते. लॅबनं लेबल बघितलं आणि रंगीतच्या औषधात धुतले. त्या प्रक्रियेत चांदी पूर्ण काढून टाकतात, मागे फक्त रंग राहतो. ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये चांदीखेरीज काही नसतंच. हातात आली ती काचेसारखी स्वच्छ पट्टी, बहात्तर फोटोंची. आता माझ्या रंगीत रोलवर पिवळी चिकटपट्टी असते, राखाडीवर पांढरी, आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरही तीच. काही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म मुद्दाम रंगीतच्या औषधात धुण्यासाठीच बनवतात. तुमची कोणती आहे, हे डब्यावर वाचा आणि लॅबवाल्याला तोंडानं सांगा.

कुठे धुणार हेही आधीच ठरवा. कोडाक्रोम ही १९३५ साली आलेली रंगीत फिल्म कंपनीनं २००९ मध्ये बंद केली. पुढच्या वर्षअखेरीला ती धुणारी अमेरिकेतली शेवटची लॅबही थांबली, आणि लोकांच्या फडताळांतले रोल तसेच राहिले. प्रवासात फिल्म गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. उन्हानं रंगीत फिल्मचा तोल आधी बिघडतो. विमानानं जात असाल तर ती मोठ्या बॅगेत कधीच टाकू नका, हातात ठेवा आणि यंत्राऐवजी हातानं तपासायची विनंती करा. नव्या स्कॅनरमध्ये एका फेरीतही फिल्म धुरकटते.

तिसऱ्या वर्षी मी दोन कॅमेरे घेऊन जेजुरीत उभी होते. दिंडीचा नंबर माझ्या वहीत होता, त्यामुळे दिंडी सापडायला वेळ लागला नाही. आजी आल्या नव्हत्या, गुडघ्यांनी साथ सोडली होती. त्यांची तुळस सुनेच्या डोक्यावर होती. मी ओळख सांगितली, पोस्टकार्डाबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, ‘फोटो देवापाशी हाये, ताई. काच बसवायच्या आधी सासूबाईंनी बोटानं हळद लावली त्याला, गालाला अन् कपाळाला.’

मी पिवळ्या पट्टीचा कॅमेरा हातात घेतला. अकरा फोटो शिल्लक होते. तिनं तुळस सारखी केली, शेजारणीच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा घेतला आणि स्वतःच्या कपाळावर ओढला.