किल्ली आणि मूल्य : संगणकाचा शब्दकोश

छापील शब्दकोशात एखादा शब्द शोधताना कोणी पहिल्या पानापासून वाचीत बसत नाही. वर्णानुक्रमाच्या आधाराने नेमके पान उघडतो. संगणकाच्या स्मृतीतील माहितीही आरंभापासून न चाळता हाती यावी, यासाठी जी रचना योजतात तिलाही ‘शब्दकोश’ असेच म्हणतात. पायथन या भाषेत ती अंगभूत आहे. तिच्यातील प्रत्येक नोंदीचे दोन भाग असतात : जिच्यावरून शोध घ्यावयाचा ती किल्ली आणि जे हाती यावयाचे ते मूल्य.

उदाहरणादाखल, भारतीय टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू केलेले सहा अंकी पिन क्रमांक घेऊ. ११०००१ या किल्लीचे मूल्य नवी दिल्ली, ४००००१ चे मुंबई, ४११००१ चे पुणे आणि ६००००१ चे चेन्नई.

आता, संगणकाला नोंदीची जागा कशी कळते? समजा, स्मृतीत ० ते ९ असे दहा कप्पे आहेत. किल्लीतील अंकांची बेरीज करावी व बेरजेचा एकम स्थानचा अंक हाच कप्प्याचा क्रमांक मानावा. मग नवी दिल्ली ३ क्रमांकाच्या कप्प्यात जाईल, मुंबई ५ च्या, पुणे ७ च्या. परंतु चेन्नईची बेरीजही ७ च येते! अशा वेळी दोन्ही नोंदी एकाच कप्प्यात ओळीने ठेवतात व शोधताना मूळ किल्ली ताडून पाहतात. ही युक्ती आय.बी.एम.मधील हान्स पीटर लून यांनी १९५३ साली सुचविली. दुसरी नोंद अन्य मोकळ्या कप्प्यात नेणे हा दुसरा मार्ग; पायथनमध्ये तोच अनुसरला आहे. प्रत्यक्षातील गणित याहून गुंतागुंतीचे असले, तरी तत्त्व हेच होय.

शब्दकोशात एका किल्लीला एकच मूल्य असते, हा नियम विसरल्यास मोठी हानी होते. कोणी ‘पुणे’ हीच किल्ली मानून प्रथम ४११००१ व नंतर ४११००४ हे मूल्य लिहिले, तर पहिले मूल्य पुसले जाते आणि संगणक त्याची सूचनाही देत नाही. पुण्याला पिन क्रमांक अनेक आहेत. म्हणून तेथे मूल्याच्या जागी त्या सर्वांची यादी ठेवावी. याउलट, नसलेली किल्ली मागितल्यास पायथन चूक दाखवून थांबते. अर्थात, दिसणाऱ्या चुकीपेक्षा न दिसणारी चूक अधिक घातक असते. यास्तव आज्ञावली लिहिण्यापूर्वी किल्ली कोणती, याचा विचार करावा.

अभ्यास : कोलकात्याचा ७००००१ व बेंगळूरूचा ५६०००१ हे क्रमांक वरील रीतीने कोणत्या कप्प्यांत जातील?